साठ फूट सोवळं

कुंभकोणमच्या मेलकावेरीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, मराठी बोलणारी पंधरा-वीस घरं होती. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा या मंडळींचे पणजे-खापरपणजे दफ्तरात लेखण्या चालवायचे. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि लेखण्या थांबल्या. उरलं काय, तर नावापुढचं ‘राव’, उंबऱ्याच्या आत बोलायची जुनीपुराणी मराठी आणि सोवळं. पहिल्या दोहोंकडे बाहेरचं कुणी ढुंकून पाहत नसे. सोवळ्यापुढे मात्र अख्खी गल्ली बाजूला सरे, त्यामुळे मंडळींनी सगळा जीव त्यातच ओतला होता.

अशा घरात मंगला वाढली. तिने काय करावं, तर लोकांना हसवावं.

आईबाप दोघंही पटकीच्या साथीत आठ दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा ती चार वर्षांची होती. तिला वाढवलं आत्याने. मीनाक्षीबाईंचं सासर तिरुविसनल्लूरचं. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या भावाच्या घरी परतल्या त्या कायमच्या. बाई कडक. पहाटे कावेरीत बुडी मारून ओल्या लुगड्याने घरी यायचं, कुणाचा वाराही लागू द्यायचा नाही, मग स्वयंपाक, मग देव, मग बाकीचं जग. मंगलाला पोटाशी धरावंसं वाटलं तर त्यांना दुपारी जेवणं उरकेपर्यंत थांबावं लागे. पोर ते ओळखून होती. दुपारच्या त्या तासाची वाट ती सकाळपासून बघत असे.

नवव्या वर्षी एका लग्नात नलंगूचा खेळ चालला होता. वधूवरांनी समोरासमोर बसून नारळ लोटायचा आणि बायकांनी एकमेकींच्या घरादाराची गाण्यांतून टिंगल करायची, असा तो प्रकार. तिथे मंगला उठली आणि जेवणाच्या पंक्तीत नेमकं वाढप्याकडे बघत ‘नको नको’ म्हणणारी वरमाय तिने उभी केली. एक शब्द बोलली नाही. नुसता हात पानावर आडवा धरला आणि बोटं हळूहळू फाकत गेली. बायका हसून लोळल्या. खुद्द वरमाय हसली, हे विशेष. घरी येताना आत्याने तिचा कान पिळला खरा, पण वाटेत दोनदा थांबून तोंडावर पदर घेतला, तो काही ऊन लागलं म्हणून नव्हे.

पुढे बाराव्या वर्षी लग्न झालं. नवरा चंद्रमौळी, पितळी भांड्यांच्या दुकानात कारकून. त्याचं मन मात्र मृदंगात. दुकानात घागरी-तपेल्यांवर ठेका धरायचा म्हणून मालकाची बोलणी खाणारा हा सरळ माणूस. सासरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तोच बिऱ्हाड घेऊन आत्याच्या घरी राहायला आला. गाव त्याला घरजावई म्हणून चिडवे. तो म्हणे, घरात रोज फुकट नाटक असल्यावर मी बाहेर कशाला राहू?

नाटक घराबाहेर पडलं ते महालिंग पिळ्ळ्यांमुळे. त्यांची नाटक कंपनी होती, पुढे त्यांनी गावात टॉकीज बांधलं. त्यांच्या कंपनीत बायकांची हसरी कामं एक मिशा काढलेला गृहस्थ करायचा. त्याला बघून लोक हसत, पण बायका हसत नसत, आणि टॉकीज चालवायचं तर बायका हव्यात हे महालिंगांना पुरतं कळलं होतं. मंगलाच्या नकलांची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती. ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा चंद्रमौळी चाट पडला, शेजारच्या नागलक्ष्मीने खिडकी लावून घेतली आणि पुन्हा किलकिली केली. ब्राह्मणाच्या घरची बाई रंगभूमीवर उभी राहणार, ही त्या गल्लीत घर जळण्याइतकीच मोठी गोष्ट होती. निर्णय आत्याने दिला. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या की हिने हसवायचं काम केलं नाही तर ही दुसरं काय करणार, हिला धड रसम् करता येत नाही. आणि एक अट घातली, की नवरा बरोबर जाईल.

तर नवरा बरोबर गेला. आधी नाटकात, मग बोलपटांत. त्या काळी तमिळ चित्रपट चित्रीकरणासाठी कुठे कुठे जात. एकदा सगळी कंपनी पुण्याला गेली. तिथल्या स्टुडिओत दिवे धरणाऱ्या माणसांशी मंगला आपल्या घरच्या मराठीत बोलली, तर ती माणसं कामं टाकून ऐकत उभी राहिली. एकाने अगदी आदराने विचारलं की बाई, तुम्ही कुठल्या बखरीतून उतरलात? मंगलाला बखर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपण तोंड उघडलं की हे लोक खूश होतात एवढं कळलं, आणि त्या जोरावर तिने एक गोष्ट साधली. फिल्म कापण्या-जोडण्याच्या खोलीत तिला बसू दिलं. दोन महिने ती तिथे बसली. कात्री कुठे लागली की लोक हसतात आणि फिल्मच्या चार चौकटी पुढे लागली की नुसते बघत राहतात, हे तिने तिथे पाहिलं. चंद्रमौळी सांगे, पुण्याहून येताना सगळ्यांनी लुगडी आणली, आमच्या हिने फिल्म जोडायच्या चिकट औषधाची बाटली आणली.

अडतीस साली महालिंगांच्या टॉकीजला एक पौराणिक चित्र लागायचं होतं. त्यात शेवटी इतकं रडणं होतं की महालिंग स्वतः घाबरले. आधी लोकांना थोडं हसवा, मंगलाम्मा, म्हणजे मग ते रडायला बसतील, असं त्यांनी म्हटलं, आणि दोन रिळांचा छोटा विनोदी बोलपट तिने स्वतःच करावा, कॅमेरा नि फिल्म मी पुरवतो, असं सांगितलं. बाईने चित्र काढायचं, हे त्या गावात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. मंगलाने कथा लिहिली, माणसं जमवली, तिथेच मेलकावेरीत कॅमेरा लावला आणि मुख्य काम स्वतः केलं.

कथा म्हणाल तर एवढीशी. एका सोवळ्या मामीला, म्हणजे तिकडच्या बोलीत कुठल्याही पोक्त ब्राह्मण बाईला, नदीवरून घरी जायचं आहे आणि सारं जग तिला शिवायला टपलं आहे. कावळा, बकरी, विड्याची पानं वाहणारा, दोरीवर वाळणारं धोतर. त्यात साठ फूट फिल्म अशी होती की जिच्यात कुणी बोलतच नाही. पडद्यावर पुरा पाऊण मिनिटही नाही. नुसती मामी चालते. चवड्यांवर, लुगड्याचा काठ दोन बोटांत उचलून, अंग चोरून. एक पाय पुढे टाकायचा, तो हवेत थांबवायचा, जमीन न्याहाळायची, मग टेकायचा. मागे चंद्रमौळीचा मृदंग. बस, एवढंच. आणि हे साठ फूट पाहून कुंभकोणम वेडं झालं. बाकांवरून माणसं खाली पडली. तिरुनीलक्कुडीहून शेतकरी बैलगाड्या जुंपून आले. पौराणिक चित्र कुणी बघेना. मामी चालून गेली की अर्धे लोक उठायचे.

चाल आत्याची होती. हे मंगलाला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला कळणार नाही याची तिने खबरदारी घेतली होती. मामीला तिने सवाष्ण केलं, कपाळभर कुंकू लावलं, हातभर बांगड्या घातल्या, नाव बदललं, लुगडं बदललं, बोलणं तमिळ ठेवलं. चेहऱ्यात तर आत्याची रेघही येऊ दिली नाही. एवढं केल्यावर ती निर्धास्त झाली.

चूक झाली ती इथेच, आणि ती आत्याचा चेहरा रोज घरात बघणारी बाईच करू जाणे. पहाटे आत्या ओलेत्याने येताना दिसल्या की माणसं भिंतीशी सरायची आणि मान खाली घालायची, कारण सोवळ्यातल्या बाईच्या तोंडाकडे बघायचं नाही अशी रीत. चाळीस-पन्नास वर्षं सगळ्या गल्लीने मान खाली घातली होती. मीनाक्षीबाईंचा चेहरा कित्येकांना नीट सांगता आला नसता. पाय मात्र सगळ्यांना पाठ होते.

चित्र लागलं त्याच्या तिसऱ्या पहाटे आत्या घाटावरून निघाल्या. नेहमीप्रमाणे माणसं बाजूला सरली, माना खाली गेल्या, आणि खाली घातलेल्या मानांमधून फिसकन हसू फुटलं. लुगडं कुठे फाटलं का, म्हणून त्यांनी पाहिलं. फाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घाटावर दोघी-तिघी त्यांच्यामागून चवड्यांवर चालल्या. संध्याकाळी विठ्ठलाच्या भजनात त्या प्रदक्षिणेला उठल्या, तर टाळ धरणाऱ्याची नजर खाली गेली आणि त्याचा ताल चुकला.

पाचव्या दिवशी मंगलाला पहाटे परसातल्या विहिरीचा रहाट वाजताना ऐकू आला. कधी नव्हे ते आत्या विहिरीवर आंघोळ करत होत्या. तापात, पुरात, कशातही त्यांची कावेरी चुकली नव्हती. मंगलाने विचारलं तर त्या म्हणाल्या, पाय दुखतात. सहाव्या दिवशीही रहाट वाजला. सातव्या दिवशी मंगला शेजारी नागलक्ष्मीकडे गेली आणि नागलक्ष्मीने, जी कुठलीच बातमी पोटात ठेवत नसे, अगदी खाली आवाज काढून सगळं सांगितलं. सांगताना तिलाही वाईट वाटत होतं. तेवढ्यातही एकदा तिला हसू आलंच, आणि तिने ते खोकल्यात दडवलं.

मंगला घरी आली ती मागच्या पायरीवर बसून राहिली. गावोगावचे लोक येऊन पोट धरून हसत होते, मद्रासेहून पत्रं येत होती, महालिंग पुढच्या चित्राचं बोलत होते. आणि जिने तिला हे सगळं करू दिलं ती बाई नदी सोडून विहिरीवर आली होती. या सगळ्यात जिचा काडीचाही दोष नव्हता अशी ती एकटीच होती. मंगलाला स्वतःची इतकी लाज वाटली की आत्यापुढे उभं राहायचंही धैर्य होईना. माफी मागावी, तर ‘ती चाल तुमचीच’ हे आपल्या तोंडाने कबूल करावं लागणार होतं. तिने चिकट औषधाची बाटली आणि कात्री घेतली आणि टॉकीजची वाट धरली.

चित्र दाखवायच्या खोलीत तिने रीळ काढलं, साठ फूट कापले, गुंडाळून पिशवीत घातले आणि उरलेली दोन टोकं जोडली. महालिंग शेजारी मान खाजवत उभे. जेवणातून मीठच काढून नेलंत, मंगलाम्मा, लोक आता काय चाटणार, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिने ऐकलं नाही. चित्र तिचं होतं.

फिल्मवर आवाज चित्राच्या नेमका शेजारी नसतो, थोडा पुढे असतो. हे तिला पुण्यापासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी घाईत ध्यानात राहिलं नाही. म्हणून झालं असं की दुपारच्या खेळाला मामी नदीतून वर आली, मृदंगाची एकच थाप पडली आणि मामी एकदम घरात. लोकांना आधी कळलंच नाही. मग जो काय गिल्ला झाला. चाल कुठे गेली, चाल दाखवा, म्हणून बाकांवर पाय आपटत लोकांनी टॉकीज दणाणून सोडलं. मंगला वरच्या खिडकीतून बघत होती. आणि तिथून तिला बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर, नागलक्ष्मीशेजारी ताठ बसलेल्या आत्या दिसल्या.

मीनाक्षीबाई जन्मात टॉकीजला गेल्या नव्हत्या. कुठल्या जातीचं कोण कुठे बसून गेलं याचा पत्ता नसलेल्या बाकावर त्या बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, हात मांडीवर. खेळ मोडला तशा उठल्या आणि गर्दीतून घरी गेल्या. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि पानं वाढली. चंद्रमौळीने दोनदा बोलणं काढून पाहिलं, आणि मग पान संपवून हात धुतला.

सकाळी रहाट थांबला. मंगला परसात गेली तेव्हा आत्या ओलेत्या विहिरीपाशीच उभ्या होत्या. स्वयंपाकघराकडे निघाल्या नव्हत्या.

“काल कापलीस तूं,” त्या म्हणाल्या.

मंगलाने मान हलवली.

“कां गे?”

मंगला म्हणाली की लोक तुम्हांला हसतात, ते मला सोसवत नाही. चूक माझी झाली. तुम्ही नदीवर जायचं सोडलंत.

“लोक हसतात तें मला कळलं. कशास हसतात तें कळेना. माणसाला सगळ्यांची चाल दिसते, आपली दिसत नाही. बासष्ट वर्षांची झालें. एकदा पाहावी मणून सोवळं-ओवळं सोडून त्या बाकावर जाऊन बसलें. आणि तूं कापून ठेवलीस.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आतां दाखव.”

मंगलाने नाटकात मांडवभर माणसांपुढे काम केलं होतं. पण या एका बाईपुढे ते जमेना. पहिल्यांदा ती दोन पावलं चालली आणि थांबली, कारण ती चाल नव्हतीच, नुसतं चालणं होतं. आत्या वाट बघत उभ्या राहिल्या. मग मंगलाने डोळे मिटले, काठ दोन बोटांत उचलला आणि विहिरीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती चालली. मृदंग नव्हता, कुंकू नव्हतं, कावळा-बकरी काही नव्हतं. चवड्यांवर, अंग चोरून. पाय पुढे, पाय हवेत, जमिनीकडे नजर, मग पाय खाली. मागच्या ओसरीवर चंद्रमौळी येऊन उभा होता. जो माणूस ही चाल शंभरदा पाहून शंभरदा हसला होता, तो हसला नाही.

दाराशी पोचून मंगला वळली. आत्या तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. ती चालून आली त्या ओल्या फरशीकडे बघत होत्या.

“एवढी भिऊन चालतें मी?”

 ही चाल मंगलाने लहानपणापासून पाहिली होती, तालमीत घासली होती, चौकट चौकट करून जोडली होती. पाऊल कुठे थांबलं की हसू फुटतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण ते पाऊल भीतीने थांबतं, हे तिला आजवर दिसलं नव्हतं. तेराव्या वर्षी या घरात परत आलेल्या मुलीला कुणी काय काय सांगितलं असेल, कशाकशाला शिवू नको म्हटलं असेल, आणि ती तेव्हापासून पाय कुठे टेकू नि कुठे नको करत कशी चालत राहिली असेल, ते सगळं तिने पाऊण मिनिटात मावण्याजोगं करून लोकांपुढे ठेवलं होतं, आणि त्यातलं एवढं एकच तिला कळलं नव्हतं. ती रडायला लागली.

“रडूं नक्को,” आत्या म्हणाल्या. “चांगली केलीस. खरी केलीस. तें कापलेलं परत जोड. लोकांस हसूं दे, आपलं काय जातें.”

आणि मग त्या चालत आल्या. पाऊल हवेत थांबलं की नाही, ते मंगलाने पाहिलं नाही. त्यांनी ओल्या हाताने मंगलाचं मनगट धरलं. सकाळची वेळ, आंघोळ झालेली, चूल पेटायची होती, देव पारोसे होते, आणि मंगला रात्रीच्या कपड्यांत. ओसरीवरचा चंद्रमौळी घाबरून म्हणाला की आत्या, तुमचं सोवळं मोडलं.

“मोडलं तर मोडलं. परत बुडी मारायची. आणि आतां विहिरीवर नव्हे.”

तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. पहाटेच्या बायका केव्हाच परतल्या होत्या. घाटावर ती वेळ म्हणजे सगळ्या गावाची, धुण्यांची, भाजीवाल्यांची, कचेरीला जाणाऱ्यांची. त्या गर्दीत मीनाक्षीबाई कावेरीत उतरल्या, मागून मंगलाही उतरली. दोघी ओलेत्या वर आल्या तेव्हा रीतीप्रमाणे माणसं बाजूला सरली आणि माना खाली गेल्या. कुठेसं कुणी हसलंही. गल्लीभर आत्या तशाच चालल्या, चवड्यांवर, जमीन न्याहाळत, कारण इतक्या वर्षांचे पाय एका सकाळी थोडेच बदलतात. फक्त भर गर्दीतून घरापर्यंत त्यांनी मंगलाचा हात धरलेला होता, आणि तो त्यांनी सोडला नाही.